हत्तीचा विश्वास कसा मिळवायचा: प्राणिसंग्रहालयातल्या नव्या कीपरसाठी

हत्तींच्या विभागात नेमणूक झाली की नव्या कीपरच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: हत्तीण मला कधी ओळखू लागेल? ओळखायला तिला फार वेळ लागत नाही. तुमच्या अंगाचा वास, तुमची चाल, कमरेच्या किल्ल्यांचा आवाज ती लवकरच टिपून घेते. महत्त्वाचं आहे ते त्यापुढचं. तुम्हाला ओळखल्यावर ती काय करते? मैदानाकडचं दार उघडं आहे, समोर चारा पडलेला आहे, आणि तरीही तुमची हाक ऐकून ती आपणहून जाळीपाशी येते का? येत असेल तर नातं जुळलं म्हणायचं. यायचं की नाही हे तिच्या हातात असतं, म्हणूनच त्या येण्याला किंमत आहे. पुढे जे काही सांगतो आहे ते या एका गोष्टीच्या भोवतीच फिरतं.

आधी तिची फाइल वाचा

हत्ती पन्नास-साठ वर्षंही जगू शकतो. तुमच्या वाट्याला आलेल्या चाळिशीतल्या हत्तिणीने तुमच्याआधी कितीतरी कीपर पाहिलेले असतात. कुणी मायाळू असेल, कुणी हातात अंकुश घेऊन वावरलेला असेल. ती रानातून पकडून आणलेली आहे का, सर्कशीत होती का, आईपासून कोणत्या वयात तुटली, साखळीवर किती काळ राहिली, किती वेळा एका गावाहून दुसऱ्या गावी हलवली गेली, हे सगळं तिच्याकडे जाण्याआधी तुम्हाला माहीत हवं. तिने कधी कुणाला इजा केली असेल तर ती नोंद दोनदा वाचा. त्या क्षणी कोण कुठे उभं होतं आणि त्याआधीच्या तासाभरात काय घडलं होतं, याकडे विशेष लक्ष द्या.

फायलीत नसलेल्या गोष्टी जुन्या कीपरकडे मिळतात. कोणत्या आवाजाला ती दचकते, कुठल्या बाजूने जवळ गेलेलं तिला चालतं, अंगावर पाइपने पाणी मारलेलं आवडतं की नाही, पशुवैद्याला बघून काय करते. त्यांच्याबरोबर बसा आणि हे सगळं लिहून घ्या.

मग नुसतं बघा

सुरुवातीचे काही आठवडे खाऊ देऊ नका, हात लावू नका, हाका मारून लक्ष वेधून घेऊ नका. आपलं सफाईचं काम करा आणि तिच्याकडे बघत राहा. प्रत्येक हत्तीचं स्वतःचं नेहमीचं वागणं असतं. ते ठाऊक असल्याशिवाय त्यातला बदल कळत नाही, आणि कीपरची निम्मी विद्या तो बदल वेळेत ओळखण्यात आहे.

कान सैल हलताहेत, शेपटी हलकी झुलतेय, सोंड इकडेतिकडे हुंगत फिरतेय, एखादा मागचा पाय ढिला सोडलाय, असं असेल तर ती निवांत आहे. कान पूर्ण फाकलेले, डोकं वर, शेपटी ताठ बाहेर काढलेली, तर ती बिथरली आहे किंवा उत्तेजित झाली आहे. नवख्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटणारी खूण म्हणजे स्तब्धता. खाता खाता ती एकदम थांबते, कान हलायचे थांबतात, सोंडेचं टोक जमिनीला टेकून स्थिर होतं. ती ऐकत असते किंवा पायांतून जमिनीची कंपनं टिपत असते. तुम्हीही थांबा आणि दोन पावलं मागे या. कोणतीही एक खूण सुटी वाचायची नाही, हेही ध्यानात ठेवा. जुन्या मैत्रिणी पुन्हा भेटतात तेव्हाही कान फाकतात, शेपट्या उंचावतात आणि चित्कार उठतात.

एकाच जागी तालात डोलणं, डोकं खालीवर करत राहणं, याला बघणारे लोक आनंद समजतात. कंटाळलेल्या किंवा कधीकाळी बांधून ठेवलेल्या हत्तीला लागलेली ती सवय असते. ती कधी सुरू होते याची वेळ लिहून ठेवा. खाण्याच्या आधी, संध्याकाळी आत यायच्या दाराशी, की तुम्ही दिसल्यावर? तुम्ही दिसल्यावर सुरू होत असेल, तर तुमच्या येण्याची वाट बघणं हाच तिच्यासाठी ताण झालेला आहे, आणि दिनक्रमात बदल करायला हवा.

सकाळी पहिल्यांदा तिच्या कुशीकडे बघा. अंगाच्या एका बाजूला वाळू चिकटलेली असेल तर ती रात्री आडवी झाली होती. आडवं होणं हत्तीला सोपं नसतं. सांधे दुखत असतील किंवा सोबतच्या हत्तीवर भरवसा नसेल तर तो उभ्याउभ्याच झोपतो. रात्रीच्या कॅमेऱ्यात हे दिसतंच, पण वाळू बघायची सवय लावून घ्या. लीदही रोज बघा: रंग, ओलसरपणा, आणि त्यातले धागे किती लांब आहेत. हत्तीच्या दाढांचे आयुष्यभरात सहा संच येतात, एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. लिदीत अचानक लांब, न चावलेले धागे दिसू लागले तर दाढेत काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता आहे.

तुमचा वास आणि आवाज तिला पाठ होऊ द्या

हत्तीची नजर बेताची असते, नाक मात्र अचाट. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आफ्रिकन हत्तीत वास ओळखणाऱ्या ग्राहींची सुमारे 2,000 जनुकं आढळली, कुत्र्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे रोज वेगळं अत्तर लावून गेलात तर तिच्या दृष्टीने रोज वेगळा माणूस येतो. अत्तर लावूच नका, साबण एकच ठेवा. दुसऱ्या प्राण्याच्या, विशेषतः वाघ-सिंहांच्या विभागातून आला असाल तर आधी कपडे आणि बूट बदला.

आवाजाचंही तसंच. केनियातल्या अंबोसेलीत संशोधक कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, 2014 साली असं दिसलं की रानातले हत्ती नुसत्या ध्वनिमुद्रित आवाजावरून मासाई आणि कांबा या दोन जमातींच्या पुरुषांत फरक करतात. मासाई पुरुषांचा आवाज ऐकून ते एकत्र गोळा झाले आणि दूर सरले. मासाई बायका आणि मुलांच्या आवाजाला मात्र तितके घाबरले नाहीत. भाषा, वय, बाई की पुरुष, हे सगळं ज्याला आवाजात ऐकू येतं, त्याला तुमच्या स्वरातली चीडही ऐकू येणार. घरून वैतागून आला असाल तर त्या दिवशी प्रशिक्षण नको, सफाई करा.

रोजचा क्रम असा ठेवा. दिसण्याआधी आवाज द्या, एकाच शब्दाने, एकाच सुरात. समोरून नको, तिरकं या, म्हणजे तुम्ही तिच्या डोळ्याला दिसाल. जाळीपासून सोंड पोहोचणार नाही इतक्या अंतरावर थांबा. ती सोंड लांबवून तुमच्या दिशेची हवा ओढून घेईल आणि कधी टोक तोंडात नेईल. टाळूवरच्या एका अवयवाने ती तुमच्या वासाची नोंद घेत असते. तिचं हे काम पुरं होईपर्यंत हलू नका. नंतर ती तिथेच रेंगाळली तर ठीक, निघून गेली तरी ठीक.

कधीकधी तिच्याजवळ उभं असताना कानाला काही ऐकू येत नाही, पण छातीत हवा थरथरल्यासारखी वाटते. 1984 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात संशोधक केटी पेन यांना हाच थरकाप जाणवला आणि त्यातून कळलं की हत्ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या खालच्या पट्टीत एकमेकांशी बोलतात. तुम्हाला तो जाणवला की बाकीचे हत्ती कुठे आहेत आणि काय करताहेत ते बघा, कारण संभाषण बहुधा त्यांच्याशी चाललेलं असतं.

मधली जाळी नात्याच्या आड येत नाही

पूर्वी बहुतेक ठिकाणी कीपर हत्तीच्या कुंपणात उतरायचा, त्याच्या शेजारी चालायचा. ही पद्धत चालायची ती माणसाने आपलं वर्चस्व राखण्यावर, आणि त्यासाठी अंकुश लागायचा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सॅन दिएगोत दुसरी पद्धत आकाराला आली: कीपर कायम अडसराच्या बाहेर आणि हत्ती आत, मोकळा. शिक्षा नाही, साखळी नाही, जवळ आलं तर खाऊ आणि निघून जावंसं वाटलं तर जाऊ द्यायचं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना 2014 पर्यंत या पद्धतीवर येण्याची मुदत दिली. कारण सरळ होतं: हत्तींच्या हातून कीपर मरत होते, आणि त्यात वर्षानुवर्षं त्याच हत्तीला सांभाळलेले लोकही होते.

प्रेम तुम्हाला वाचवत नाही. ती तुमच्यावर कितीही माया करत असली तरी शेजारणीने ढुशी दिल्यावर ती तुमच्या अंगावर कलंडू शकते, आणि तिचं वजन तीन टन आहे. चिडलेला हत्ती सोंडेच्या एका फटक्याने माणूस लोळवतो, मग गुडघ्याने दाबतो. म्हणून पुढचे नियम कुठल्याही हत्तीसाठी, कितीही जुन्या ओळखीत मोडायचे नाहीत. एकट्याने हत्तीजवळ काम करायचं नाही, दुसरा कीपर नजरेच्या टप्प्यात हवा. दार उघडण्याआधी प्रत्येक हत्ती कुठे आहे ते मोठ्याने बोलून एकमेकांना सांगायचं. कुलूप लावल्यावर हाताने ओढून बघायचं आणि सोबत्यानेही ओढून बघायचं. सोंडेच्या टप्प्यात पाठ फिरवायची नाही, फोन बघायचा नाही. आणि मान, मनगट किंवा कंबरेला असं काहीही अडकवायचं नाही, जे ओढलं तर तुम्हीही ओढले जाल.

मला या पद्धतीचं मोल सुरक्षेपलीकडचं वाटतं. आत उतरलेल्या कीपरला कधीच कळत नाही की हत्तीण जवळ आली ती मायेने की धाकाने. जाळीबाहेरच्याला कळतं.

शिकवायला लागा: एक शिट्टी, एक काठी

आता प्रशिक्षण. यातच नातं सर्वांत भराभर वाढतं, कारण इथे दोघांना एकमेकांची भाषा मिळते.

सुरुवात शिट्टीने. शिट्टी वाजवा आणि लगेच गाजराचा किंवा सफरचंदाचा तुकडा द्या. तिला काहीही करायला लावू नका. थोड्याच वेळात शिट्टीबरोबर तिची सोंड खाऊसाठी वळू लागेल. ‘हे बरोबर केलंस’ हे सांगणारा तुमचा शब्द आता तयार झाला. त्याचं पावित्र्य जपा: शिट्टी चुकून वाजली तरी खाऊ द्यायचाच. खाऊ तिच्या रोजच्या आहारातूनच काढून ठेवा, पण भूक लावून शिकवू नका. चारा आणि पाणी तिला कायम मिळालंच पाहिजे. उपाशी हत्तीण शिकते ती नाइलाजाने.

मग टार्गेट, म्हणजे टोकाला चेंडू बसवलेली लांब काठी. ती जाळीतून तिच्या कपाळाजवळ धरा. कुतूहलाने ती टेकेल, त्याच क्षणी शिट्टी, मग खाऊ. काठी थोडी डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली न्या. काठी तिच्या अंगाला तुम्ही लावायची नाही, तिने येऊन लावायची. काठी पुढे ढकलण्याचा मोह फार होतो, तो आवरा.

कपाळ जमलं की त्याच रीतीने खांदा, कूस, कान, पाय. पायाचं उदाहरण घेतो, कारण ते सर्वांत गरजेचं आहे. जाळीला खालच्या बाजूला पाय ठेवायची खिडकी असते. पहिल्या दिवशी तिने नुसतं त्या दिशेने वजन सरकवलं तरी शिट्टी. पुढे पाय जरा उचलला की शिट्टी. मग खिडकीच्या कडेला टेकला की. मग क्षणभर तिथे राहिला की. मग तुम्ही ब्रश तळव्याला लावल्यावरही राहिला की. प्रत्येक पायरी तिला सहज जमू लागल्यावरच पुढची. अडली तर एक पायरी मागे जा, आणि तिला येत असलेल्या एखाद्या गोष्टीवर सत्र संपवा. सत्र लहान ठेवा. ती अजून उत्सुक असताना थांबलात तर उद्या ती आधीच येऊन उभी राहील.

हाताच्या हालचालींबाबत काटेकोर राहा. 2013 च्या एका अभ्यासात आफ्रिकन हत्तींनी माणसाने बोटाने दाखवलेली जागा ओळखली, आणि त्यांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. तुम्ही नकळत खाऊच्या बादलीकडे हात नेलात तरी तिच्यासाठी तो संकेत असतो. एका कृतीला एकच शब्द आणि एकच खूण, आणि सगळ्या कीपरांची तीच.

ती नाही म्हणते तेव्हा

आज ती आली नाही. आली, पण पाय दिला नाही. खाऊ घेतला आणि पाठ फिरवून गेली. या वेळी तुम्ही काय करता त्यावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून आहेत.

पुन्हा पुन्हा हाका मारू नका. आवाज चढवू नका. मैदानाचं दार लावून तिला कोंडू नका. शिक्षा म्हणून चारा कमी करायचा विचारही नको. थोडं थांबा, एकदा विचारा, नाही आली तर सामान आवरून जा. हे जमायला अवघड असतं, विशेषतः पशुवैद्य शेजारी ताटकळत उभे असताना. पण तिच्या नकाराला तुम्ही मान दिलात हे तिला कळतं, आणि जिला नकार देता येतो तीच पुढे सुई टोचतानाही निश्चिंत उभी राहते.

नकार वहीत लिहा, आणि पहिली शंका दुखण्याची घ्या. नेहमी पुढचा डावा पाय देणारी आज देत नाही, तर कदाचित तीन पायांवर वजन पेलताना उजवा दुखत असेल. त्यानंतर सोबतिणींशी काही बिनसलं का, वारा-पाऊस, बांधकामाचा आवाज, नवा माणूस, हे बघा. हट्टीपणा हा निष्कर्ष सगळ्यांत शेवटी, आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीचाच असतो.

रोजची सेवा

पाय हा बंदिवासातल्या हत्तीचा सर्वांत दुबळा भाग. कठीण फरशी, कमी चालणं, वाढलेलं वजन, ओल, यांतून नखांना भेगा, तळव्यात गळवं आणि सांधेदुखी उद्भवते, आणि कित्येक हत्तींचा शेवट यातूनच होतो. रोज तळवे धुवा, खडे काढा, नखांच्या कडा बघा, हाताला गरम लागणारी जागा शोधा. नखं आणि तळवे कातरण्याचं काम शिकलेल्या हातानेच व्हावं. आणि हे सांगायलाच हवं की तुम्ही कितीही पाय घासलेत तरी खाली वाळू आणि चालायला जागा नसेल तर पाय बरे राहत नाहीत. वरिष्ठांकडे वाळूसाठी भांडणं हासुद्धा तुमच्या नात्याचाच भाग आहे.

सोंड धुण्याची तपासणीही शिकवावी लागते. क्षयरोगाचे जंतू माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला जाऊ शकतात. सोंडेत जंतुरहित मिठाचं पाणी घालायचं, तिने सोंड उंच धरायची, मग पिशवीत फुंकायचं. असे तीन वेगवेगळ्या दिवशी घेतलेले नमुने तपासतात. स्वतःची क्षयाची तपासणीही वेळच्या वेळी करून घ्या. तुमच्या खोकल्याचा धोका तिला आहे.

कळपात पिल्लू असेल तर कानामागच्या शिरेतून रक्त द्यायला त्याला जितकं लवकर शिकवाल तितकं चांगलं. हत्तींच्या नागीण-गटातल्या विषाणूचा आजार विशेषतः एक ते आठ वर्षांच्या आशियाई पिल्लांना गाठतो, आणि पिल्लू मलूल दिसू लागल्यापासून एक-दोन दिवसांतही दगावू शकतं. नियमित रक्ततपासणीत विषाणू लक्षणांच्या आधी सापडतो आणि उपचाराला वेळ मिळतो. इथे विश्वासाचा अर्थ अगदी शब्दशः जीव वाचणं असा होतो.

तुमची जागा दुसरी

दक्षिण कोरियातल्या एव्हरलँड प्राणिसंग्रहालयात कोशिक नावाचा हत्ती होता. तो सोंडेचं टोक तोंडात घालून कोरियन शब्द उच्चारायचा: ‘नमस्कार’, ‘बस’, ‘नाही’, ‘आडवा हो’ आणि ‘छान’ या अर्थांचे पाच शब्द. 2012 मध्ये संशोधक अँजेला श्टेगर आणि सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्याने आपल्या प्रशिक्षकाच्या आवाजाची पट्टीही उचलल्याचं दिसलं. लोकांना याचं मोठं कौतुक वाटलं. त्याची पार्श्वभूमी अशी की वाढीच्या वयात सुमारे पाच वर्षं तो तिथला एकमेव हत्ती होता. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो माणसांसारखं बोलू लागला असावा, असं संशोधकांना वाटतं. मला ही हकीकत ऐकून दरवेळी वाईट वाटतं. हत्तीने तुमच्यावर इतकं अवलंबून राहावं, अशी वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

हत्तीला हत्ती हवेत. घाबरलेल्या सोबतिणीजवळ जाऊन तिच्या तोंडात सोंडेचं टोक घालणं, चिवचिवल्यासारखा बारीक आवाज करणं, असं सांत्वन आशियाई हत्ती करतात, हे थायलंडमधल्या अभ्यासात 2014 मध्ये नोंदलं गेलं. ते तुम्हाला जमणार नाही. कळपातली वडीलधारी हत्तीण आधी खात असेल तर खाऊ आधी तिला द्या, तुमच्या लाडकीला नाही. क्रम मोडलात तर तुमच्या पाठीमागे त्याचा त्रास लाडकीलाच होतो. प्रशिक्षणासाठी एकीला बाजूला घेताना तिची सोबतीण दिसेल किंवा निदान ऐकू येईल अशी व्यवस्था ठेवा. बाळंतपणात, बावीस महिन्यांच्या गरोदरपणानंतर, शक्य तिथे अनुभवी माद्या जवळ असाव्यात आणि माणसांनी लांबून लक्ष ठेवावं.

नर माजावर असताना

प्रौढ नर माजावर येतो तेव्हा गंडस्थळाजवळच्या ग्रंथी सुजून चिकट स्राव गळतो, मूत्र थेंबथेंब टपकत राहतं, आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं. हे काही आठवडे ते काही महिने टिकतं. या काळात जुनी ओळख गृहीत धरू नका. चारा, पाणी, सफाई हे सगळं दारं चालवून, अंतर राखून करा. तुम्ही रोज त्याच वेळी येता, त्याच सुरात बोलता, एवढं पुरे. माज उतरला की प्रशिक्षण खालच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

एकट्याचं नातं नको

एकाच कीपरच्या हाकेला येणारी, बाकीच्यांच्या हाकेला न येणारी हत्तीण ही कौतुकाची गोष्ट वाटते. तो कीपर आजारी पडला की तिचे पाय बघायला कुणी उरत नाही. प्रत्येक हत्तीचे निदान तीन-चार विश्वासाचे कीपर हवेत. नव्याला आणताना तो आधी तुमच्या मागे नुसता उभा राहील, मग तुम्ही हुकूम द्याल आणि तो खाऊ देईल, मग तो हुकूम देईल आणि तुम्ही मागे उभे राहाल.

कळपातला हत्ती गेला तर बाकीच्यांना त्याच्याजवळ जाऊ द्या. त्या हुंगतील, पायांनी आणि सोंडेने चाचपतील, काही तास तिथे उभ्या राहतील. शवविच्छेदनाची घाई असली तरी हा वेळ पशुवैद्यांकडून मागून घ्या. पुढचे दिवस खाणं, झोप आणि कोण कुणाजवळ उभी राहते, हे बारकाईने नोंदवा, कारण कळपाची घडी बदलत असते.

आणि हत्तीणच दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात जाणार असेल तर तयारी काही महिने आधी सुरू करा. वाहतुकीचा पिंजरा तिच्या मैदानात उघडा ठेवा, तिला त्यात जाऊन खायची सवय लागू द्या, मग दार क्षणभर लावून उघडा, मग जास्त वेळ. तिकडच्या कीपरला आधी इकडे बोलवा, त्याला तुमचे शब्द, खुणा आणि तीच शिट्टी द्या. प्रवासात तुम्ही सोबत जा, आणि तिकडे ती आडवी होऊन झोपेपर्यंत थांबा. रोज सकाळी तिच्या कुशीवरची वाळू नव्या कीपरबरोबर बघा. तो एकटा पाय मागू शकला आणि तिने दिला, की तुम्ही परत निघू शकता.